गार्डाच्या डब्याची उंची

ताई, गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. लोक एकेक करून उठत होते आणि तुमच्याबद्दल बोलत होते. तंत्रनिकेतनातली तुमची एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, ड्रॉइंगच्या तासाला सुजाता मॅडम एकच रेघ चाळीस वेळा काढायला लावायच्या. कोणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कोणी फटकळपणाबद्दल, तेही जरा जपून. आगगाडीचं नाव कोणी काढलं नाही. मला दोनदा आग्रह झाला, "गजाननभाऊ, तुमी बोला नं दोन शब्द." मी मान हलवली. खरं कारण हे की त्या वेळी मी तुमच्यावर चिडलेलो होतो, आणि हार घातलेल्या फोटोसमोर माइक घेऊन चिडता येत नाही.

आता ती चीड उतरली आहे. म्हणजे सगळी उतरलेली नाही, पण तिचं कारण बदललं आहे. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसलो.

मला काय वाटत होतं ते आधी सरळ सांगतो. ज्या कामासाठी आपण दोघांनी एवढी वर्षं पोस्टाची तिकिटं चाटली, ते काम हाताशी आलं तेव्हा तुम्ही मला गुपचूप बाजूला सारलं, असं माझं मत झालं होतं. पुराव्याशिवाय संशय घेणारा माणूस मी नाही. एसटीच्या तपासणी पथकात उभी हयात गेली. खिडकीबाहेर एकदम फार मन लावून पाहणारा प्रवासी दिसला की त्याच्याजवळ तिकीट नसतं, हे मला शिकवावं लागलं नाही. तुम्ही शेवटचे काही महिने अगदी तशाच खिडकीबाहेर पाहत होतात.

काम तसं चारचौघांत सांगायला लाजावं असंच होतं. अकोल्याहून अकोटमार्गे मेळघाटातून खंडव्याकडे जाणारी आपली मीटरगेजची गाडी बंद झाली. अकोटपर्यंत मोठी लाईन आली, पुढच्या जंगलातली लाईन तशीच पडून राहिली. त्या जुन्या गाडीचं टेबलावर धावणारं मॉडेल, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान, कोणत्या तरी कारखान्यानं काढावं, एवढंच आपलं म्हणणं होतं. एक इंजिन, दोन साधे डबे आणि शेवटी गार्डाचा डबा. तुम्हाला खरा हवा होता तो गार्डाचा डबाच. बाकीची गाडी तुम्ही त्याच्यापुढे जोडायला मागत होतात.

तुमचे बाबा धूळघाटाकडे रुळांवर गँगमन होते. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी आटायच्या आणि क्वार्टरमधल्या लोकांसाठी पिण्याचं पाणी गाडीनं यायचं, गार्डाच्या डब्यात पिंपं ठेवून. तुम्ही मला पहिल्यांदा हे सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "गाडी दिसली का माय हंडे घेऊन पळे. त्या डब्यातलं पाणी पिऊन मी मोठी झाली, भाऊ. आता तो डबा भंगारात चालला, मंग मी कोणाले काय दाखवू?" मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, एवढ्याशा कारणासाठी कोणी इतकी पत्रं लिहीत नाही, हिचं दुसरं काहीतरी असणार. दुसरं काही नव्हतं.

आपली ओळखसुद्धा संशयातूनच झाली. अमरावती–अकोला एसटी मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबवून आम्ही तपासायला चढलो होतो. तुमच्या मांडीवर हातभर लांबीचा पुठ्ठ्याचा डबा, वर टॉवेल झाकलेला. 

"याचं लगेज काढलं का?" मी विचारलं.

"हा रेल्वेचा डबा हाये. शाळेच्या प्रदर्शनात ठेवाचा हाये."

"डबा असो का पेटी असो, मांडीवर मावला नाही तं लगेज लागते."

"मांडीवरच तं हाये. तुमाले दिसून नाई राहिलं का?"

तुम्ही टॉवेल काढलात आणि मी लगेज विसरलो. म्हटलं, "बाई, गार्डाच्या दाराची दांडी उभी होती. तुमी आडवी लावली." तुम्ही डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमाले कसं माईत?" मी म्हटलं, "त्या दांडीले लटकूनच तं कॉलेज केलं. बिगर तिकिटाचं." सगळी गाडी हसली, कंडक्टर तर तोंड फिरवून हसला. तुम्ही हसला नाहीत. पर्समधून पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर एक उभी रेघ मारलीत आणि माझा पत्ता मागितलात. मी तो देताना जरा कचरलोच होतो, कारण मला वाटलं तुम्ही वरती तक्रार करणार.

तक्रार आली नाही, पत्र आलं. त्यावर जावक क्रमांक होता. घरून पोस्टकार्ड लिहिलं तरी जावक क्रमांक टाकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग आपण कारखान्यांच्या मागे लागलो. दिल्लीचा एक, चेन्नईचा एक, परदेशातला एक आणि पुण्याकडचे हे आगाशे. सगळ्यांचं उत्तर एकच, शब्द वेगळे. मोठ्या लाईनची इंजिनं खपतात, तुमची गाडी कोण घेईल? मला वाटायचं यांना खडसावलं पाहिजे. मी लिहिलेला पहिला मसुदा तुम्ही चष्मा वर करून वाचलात आणि म्हणालात, "भाऊ, हे पत्र हाये का मेमो?" तुमची रीत ठरलेली होती. मागणी करायची नाही, दर पत्रात एक नवीन गोष्ट द्यायची. एका पत्रात धूळघाटच्या वळणाचा फोटो, जिथे गाडी स्वतःच्याच अंगाभोवती फिरून खाली उतरायची. एकात डब्याच्या रंगाचा खरवडून काढलेला पोपडा, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. एका जुन्या ड्रायव्हरकडून भोंग्याचा आवाज मिळवून तो पाठवलात. "माणसाले एवढं देत राहाचं, का त्याले नाई म्हणाची लाज वाटली पायजे," असं तुम्ही म्हणायच्या.

मी म्हणायचो, सगळं फुकट वाटून टाका. एक दिवस तो आगाशे आपल्या माहितीवर गाडी काढेल आणि आपल्याला कळवणारही नाही. त्याच्या पत्रांची भाषा मला पहिल्यापासून आवडली नव्हती. 'आपली तळमळ आमच्यापर्यंत पोचली.' आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की नाही म्हणतात. तळमळ पोचली म्हणजे काय? तुम्ही म्हणायच्या, "पोचली म्हणून राहिले नं, मंग बसू द्या तठी."

मग त्यांनी विचारलं की गाडी घेणारी माणसं तरी दाखवा. तुम्ही नावं गोळा केलीत आणि मी ती तपासली. हो, एकेकाला फोन करून तपासली. दर्यापूरच्या एका औषधवाल्याला मी विचारलं, गार्डाच्या डब्याला खिडक्या किती होत्या? तो बिचारा घाबरला आणि म्हणाला, माझं नाव काढून टाका. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही फोनवर इतक्या ओरडलात की माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण मेलं? "तुमी काहून प्रत्येकावर संशय घेता हो? त्याले गाडी पायजे, त्याची परीक्षा नाई देवाची!" त्या औषधवाल्याला तुम्ही स्वतः दर्यापूरला जाऊन परत आणलंत. आपलं एक भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. मला डबा शेवटी होता तसा हवा होता, गंजलेला, पानाच्या पिचकाऱ्यांसकट. तुम्हाला नवा कोरा हवा होता. मी म्हणायचो, असा डबा कोणीच पाहिलेला नाही, हे खोटं होईल. तुम्ही म्हणायच्या, मी पाहिला आहे.

आणि मग एक दिवस आगाशे हो म्हणाले. मला त्यातही काहीतरी डाव वाटला. त्यांची अट एकच होती. इंजिनाचे नकाशे त्यांना मिळाले होते, पण गार्डाच्या डब्याची अचूक मापं कुठेच नव्हती. ती तुम्ही द्या, म्हणाले.

तसला एक डबा अकोटच्या जुन्या यार्डात, बाभळींच्या मागे, उरलेल्या वीसेक फूट रुळावर उभा होता. तुम्हाला दम लागायला तेव्हा सुरुवात झाली होती, म्हणून मापं घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. आमच्या शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीची लोखंडी टेप मागून नेली. तिचं टोक तुटलेलं होतं, पहिले दहा सेंटिमीटर गायब. मिस्त्री लोकांचं त्यावाचून अडत नाही. "दहा कमी धरजा, काका," म्हणाला. आमच्याकडे अर्ध्या बांधकामांवर अशाच टेपा चालतात आणि घरं सरळ उभी राहतात. मी दिवसभर मापं घेतली, वहीत लिहिली, तुम्हाला आणून दिली. तुम्ही त्यावरून आराखडा काढलात, खाली आपण दोघांनी सह्या केल्या आणि पत्र क्रमांक चाळीस पुण्याला गेलं. त्या दिवशी तुम्ही मला पुरणपोळी खायला घातलीत आणि म्हणालात, भाऊ, तुमच्या हातून झालं. मी ते वाक्य बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो.

पुढे जे झालं त्याचा पुरावा क्रमांक एक. दीड-दोन महिन्यांनी मी अमरावतीला आलो तर तुमच्या दिवाणाखाली एक खोकं होतं. मला पाहताच तुम्ही पायानं ते आत सरकवलंत. मी विचारलं, काय आहे? "काई नाई, औषधं आली." औषधाच्या खोक्यावर पुण्याच्या कुरिअरची चिठ्ठी मी दारातूनच वाचली होती. तुम्ही चहा करायला उठलात आणि तेवढ्या वेळात दोनदा मागे वळून पाहिलंत.

दुसरा पुरावा. मी फोनवर म्हटलं, फाईल माझ्याकडे पाठवा, एकदा सगळी पत्रं वाचतो. तुम्ही म्हणालात, "राहू द्या नं माह्याजवळच." इतक्या वर्षांत तुम्ही मला फाईल नाकारली नव्हती. मी त्या दिवशी बायकोला सांगितलं, ताईनं पुण्याशी परस्पर काहीतरी ठरवलंय. मॉडेलच्या खोक्यावर नाव एकटीचं येणार, बघ तू.

त्यानंतर मी यायचं बंद केलं. तुमची तब्येत उतरत चालल्याचं मला तुमची भाची संघमित्रा कळवत होती. मी तिला फोनवर विचारायचो, आणि अमरावती एसटीनं फक्त दोन तासांवर होती. आलो नाही. शेवटचा फोन तुम्हीच केलात. "या नं एखाद दिवशी. बोलाचं हाये." मी म्हटलं, "फायलीत लिहून ठेवा, मी वाचतो." तुम्ही म्हणालात, "बरं, ठेवते." फोन ठेवते की लिहून ठेवते, ते मी विचारलं नाही. बारा दिवसांनी संघमित्राचा फोन आला.

रविवारी कार्यक्रम झाल्यावर तिनंच फाईल माझ्या हातात दिली. मी ती घरी नेली नाही, अमरावतीच्या स्टँडवरच्या बाकावर बसून उघडली. पत्र क्रमांक चाळीस, खाली आपल्या दोघांच्या सह्या. त्याच्यानंतर एकदम पंचेचाळीस. मधली चार नाहीत. पंचेचाळीसमध्ये एकच ओळ होती: 'सोबत सुधारित आराखडा पाठवीत आहे.' खाली सही फक्त तुमची. सुधारित म्हणजे काय सुधारलं? कोणी सुधारलं? आणि फायलीच्या मागच्या पुठ्ठ्यात अडकलेलं एक एसटीचं तिकीट. शाई उडत चालली होती, पण तिकीट वाचायला मला शाई लागत नाही. दर्यापूर ते अकोट, महिला सवलत, सकाळची गाडी. तुम्ही मला न सांगता, दर्यापूरला गाडी बदलून अकोटला गेला होतात. अकोटहून मी पाऊण-एक तासावर राहतो.

मी संघमित्राला फोन लावला. ती सरळ पोरगी, तिनं सरळ सांगितलं. "मावशीनं चार कागद फाडले, काका. मी म्हटलं काहून फाडून राहिली? तं म्हणे, भाऊले दिसाले नाई पायजे."

ताई, त्या बाकावर मी काय काय बोललो तुम्हाला मनातल्या मनात, ते लिहीत नाही. अकोल्याच्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. जिची चिता थंड होऊन पंधरा दिवस झाले नाहीत अशा बाईला मी लबाड म्हटलं, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगाशेंना फोन केला. भांडायच्या तयारीनंच केला. "आमच्या ताईचं आणि तुमचं काय ठरलं होतं ते मला कळलं पाहिजे. त्या आता नाहीत, पण मी आहे."

"मॅडम गेल्या? मला हे आत्ता तुमच्याकडून कळतंय." मग म्हणाले, "माझं शेवटचं पत्र फार कडक होतं हो. तसं लिहायला नको होतं."

कडक कशासाठी? तर तुमच्या दिवाणाखाली जे खोकं होतं त्यात गार्डाच्या डब्याचा पहिला नमुना होता. इंजिनामागे जोडला तर त्याचं छत इंजिनाच्या वर निघत होतं. जुन्या सगळ्या फोटोंत ते खाली आहे. आगाशेंनी लिहिलं होतं की साचा एकदा पडला की बदलता येत नाही, तुमची मापं भरवशाची नाहीत, आणखी एक चूक निघाली तर हे काम आम्ही सोडून देऊ. तुमची चारही उत्तरं त्यांच्याजवळ होती. त्यांनी त्यांचे फोटो मला मोबाइलवर पाठवले. तुमचं अक्षर, तुमचे जावक क्रमांक, एक्केचाळीस ते चव्वेचाळीस.

'उंचीचे माप आराखड्यात उतरविताना माझ्याकडून चूक झाली आहे. श्री. गजाननराव यांनी घेतलेले माप बरोबर होते. वयोमानाने माझी नजर कमी झाली आहे, तरी क्षमस्व.' तुमची नजर, ताई! तुम्ही चष्मा काढून पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवायच्या. त्रेचाळीस क्रमांकात शेवटी लिहिलंय, 'ही बाब कृपया त्यांना कळवू नये. ते मनाला फार लावून घेतात.'

मी माझी मापांची वही काढली. पहिल्या पानावर लांबी-रुंदीची मापं, प्रत्येकातून दहा वजा केलेले, नीट. मग चहा प्यायला गेलो होतो, हे मला आठवतं. परत येऊन दुसरं पान उघडलं आणि उंचीची मापं लिहिली. त्या पानावर कुठेही दहा वजा नाहीत. टेपेवर जसं दिसलं तसं उतरवलंय. तुम्हाला हे पान पाहताच कळलं असणार. वही तुमच्याकडूनच माझ्याकडे परत आली होती आणि त्यावर तुम्ही पेन्सिलीचा एक ठिपकासुद्धा केलेला नाही.

तर आता माझ्या रागाचं नवं कारण ऐका. तुम्ही मला ओरडल्या का नाहीत? डबा गंजलेला की कोरा यावर तुम्ही माझ्याशी दोन तास वाद घातला आहे. त्या औषधवाल्यासाठी तुम्ही आठ दिवस माझं तोंड पाहिलं नाही. मग एवढी मोठी चूक तुम्ही अशी पोटात का घातलीत? फोन उचलायचा, म्हणायचं, गजानन, तुले दहा वजा करता येत नाही का? मी आलो असतो. आपण भांडलो असतो, मी मिस्त्रीवर ढकललं असतं, तुम्ही ऐकलं नसतं. त्या भांडणात आपले चार-पाच रविवार तरी गेले असते. तुमच्याजवळ तेवढेच होते आणि ते मी अकोल्यात बसून तुमच्याविरुद्ध पुरावे जमवण्यात घालवले. म्हणजे संशय एकट्या माझ्याच मनात नव्हता. तुम्हीही धरून चाललात की या माणसाला त्याची चूक सांगितली तर हा उठून जाईल.

आणि तुमच्याजवळही पुरावा होता, तेही मला माहीत आहे. पाकिटावर तारीख चुकीची टाकली हे तुम्ही एकदा दाखवून दिलं तेव्हा मी पंधरा दिवस फोन केला नव्हता.

काल मी अकोटला गेलो. यार्डाच्या फाटकासमोर रहीमभाईची चहाची टपरी आहे, ते मला ओळखतात. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मॅडम आल्त्या नं मागं. अकेल्याच. दम लागून राहिला होता त्याइले. मी म्हटलं बैठो, चाय पिओ, मंग जा. तं माह्यं स्टूल घेऊन गेल्या."

"मापं घेतली?"

"हौ. स्टुलावर चढून वरचं घेतलं. मी खाली धरून उभा. खाली वाकता येत नव्हतं त्याइले. मी म्हटलं, लाओ, खालचं मी धरतो टेप. तं म्हणे नाई रहीमभाई, चुकलं तं माह्यं चुकू द्या." रहीमभाईंनी एक ग्लास विसळला. "तुमी भांडले का काय त्यायच्यासंग? तुमचं नाव काढलं तं गप झाल्या."

मी नवीन टेप नेली होती. विकत घेतलेली, टोकासकट. मी त्या डब्याची सगळी मापं पहिल्यापासून पुन्हा घेतली, कारण माझा स्वभाव जाणार कुठे? तुमच्या सुधारित आराखड्याचा फोटो मोबाइलवर उघडून एकेक ताडून पाहिलं. छताची उंची, दाराची, खिडक्यांची, सगळं तंतोतंत. दम लागलेल्या बाईनं स्टुलावर उभं राहून घेतलेलं माप केसभर हललेलं नाही. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन नुसतं भाजत होतं आणि मी तिथे एकटाच रडलो, हेही लिहून टाकतो.

मग खालची पायरी मोजली. गार्डाच्या दाराखालची लोखंडी पायरी, जमिनीपासून. चार सेंटिमीटरचा फरक आला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चार. तुम्हाला वाकता आलं नाही. तुम्ही उभ्यानंच टेप खाली सोडलीत आणि वरून वाचलंत, आकडा तिरपा दिसला.

मॉडेलवर चार सेंटिमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर. कोणाच्या बापाच्या लक्षात आलं नसतं. आणि आगाशेंचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतंच, आणखी एक चूक निघाली तर काम सोडू. रहीमभाईच्या बाकावर बसून मी बराच वेळ विचार केला. गप्प बसलो तर गाडी निघते. बोललो तर कदाचित निघणारच नाही, इतक्या वर्षांची पत्रं पाण्यात. पण त्या पायरीवर हंडे घेऊन चढणारी माणसं तुमच्या घरातली होती. तुम्ही असत्या तर अर्ध्या मिलिमीटरसाठी कारखाना डोक्यावर घेतला असता. मी फोन लावला.

"आगाशेसाहेब, एक दुरुस्ती आहे. दाराखालची पायरी. चार सेंटिमीटर खाली पाहिजे."

ते म्हणाले, "म्हणजे मॅडमची पुन्हा चूक झाली?"

"मॅडमची एकही चूक नाही. छताची उंचीही मीच चुकवली होती आणि पायरीही मीच. टेप तुटकी होती. त्यांनी ते स्वतःवर घेतलं."

"मग त्यांनी मला तसं पत्र का लिहिलं?"

"ते मला त्यांना विचारायचं राहिलं," मी म्हटलं. "काम सोडायचं असेल तर सोडा. पण चूक कोणाची ते कागदावर बरोबर राहिलं पाहिजे."

त्यांच्या मागे कसलं तरी यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता. शेवटी म्हणाले, "माप लेखी पाठवा. पायरी अजून कापलेली नाही." आणि लगेच, "ताजा फोटोही पाठवा, टेप लावलेला. तुमच्यावर आता माझा भरवसा नाही." हे वाक्य ऐकून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

ताई, पायरीबद्दल मी खोटं बोललो. तुम्हाला ते चालणार नाही, मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट अजून तुम्हाला सांगायची आहे. त्या सुधारित आराखड्याच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय, 'आरेखन: सुजाता. मापे: गजानन.' सगळी मापं तुम्ही स्वतः घेतली आणि नाव माझं तसंच राहू दिलंत. ते पाहिल्याबरोबर मी ठरवलं होतं की आगाशेंना सांगून माझं नाव खोडायचं आणि तिथे तुमचं टाकायचं. फोनवर तेही सांगणार होतो. सांगितलं नाही. मापांपुढे तुमचं नाव गेलं असतं तर पायरीही तुमच्याच नावावर गेली असती.